पन्नाशीच्या मांडवात आमचा निको कुठे? आयर्न मेडनला खुलं पत्र

डोंबिवली,
३० डिसेंबर २०२४

प्रति,
श्री. स्टीव्ह हॅरिस, संस्थापक आणि बेसवादक,
श्री. रॉड स्मॉलवूड, व्यवस्थापक,
आणि आयर्न मेडन या हेवी मेटल बँडची सगळी मंडळी, लंडन

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. लंडनमध्ये मराठी माणूस शोधायला फार लांब जावं लागत नाही, कुणाला तरी हाताशी धरून वाचून घ्या. आणि खरं सांगायचं तर दादर, पुणे, नाशिक, पणजी इथल्या काळ्या टी-शर्टवाल्यांनीही ते वाचावं म्हणून मी ते उघड्यावर लिहितोय.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. ७ डिसेंबरच्या शनिवारी साओ पाउलोच्या शेवटच्या प्रयोगाच्या दिवशी तुमच्या ड्रमरने, निको मॅकब्रेनने, जाहीर केलं की दौऱ्यांतला हा त्याचा शेवटचा दिवस. रात्री त्याने वाजवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही नव्या ड्रमरचं नाव सांगितलं: सायमन डॉसन. बेचाळीस वर्षांचा हिशेब शनिवार-रविवारात मिटला. सोमवारी आम्ही आपले नेहमीची लोकल पकडून कामाला.

त्याच्या आठच दिवसांनी, १५ डिसेंबरला, उस्ताद झाकीर हुसेन सॅन फ्रान्सिस्कोत गेले. माहीममध्ये वाढलेला आमचा माणूस. हेवी मेटल आणि तबला यांचा काय संबंध, असं तुम्ही विचारणार नाही, तुम्ही स्वतः लयीवर जगता. माझ्यासारख्या, हाताला दिसेल त्या पृष्ठभागावर ठेका धरणाऱ्या माणसाचं त्या आठवड्यात काय झालं असेल, एवढंच लक्षात घ्या. झाकीरभाईंना निरोप द्यायची संधी कुणालाच मिळाली नाही, तिथे कुणाचा इलाज नव्हता. निको मात्र जिवंत आहे. बहात्तर वर्षांचा आहे, हसतो आहे, स्वतःच्या पायावर उभा आहे. आणि तरीही आम्हाला त्याचा निरोप घेता आला नाही, म्हणून हे पत्र.

मी कोण, ते थोडक्यात सांगतो. विमा कंपनीत कारकुनी करतो आणि महिन्यातून दोन रविवार घाटकोपरच्या एका भाड्याच्या खोलीत मित्रांबरोबर तुमची गाणी वाजवतो. मी ड्रमवर. अकरावीत असताना मित्राच्या भावाने ‘पीस ऑफ माइंड’ची कॅसेट दिली. पहिलं गाणं सुरू व्हायच्या आधी ड्रमची एक उतरंड येते, तीन-चार सेकंदांची, आणि मग सगळा बँड त्या उतारावरून खाली येतो. मी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा मागे. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, “अडकली का रे टेप?” निकोचं तुमच्या बँडमधलं हे पहिलं ध्वनिमुद्रण, १९८३ सालचं. नवा माणूस आपली ओळख करून देतोय आणि ती अशी!

पुढे काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून एकेक कॅसेट जमवली. एडीचं, म्हणजे तुमच्या अल्बमांवरच्या त्या भुताचं, पोस्टर घरात आलं तेव्हा आजीने एकच अट घातली होती. सत्यनारायणाच्या दिवशी त्याच्यावर कालनिर्णय टांगायचं. ते आम्ही इमानेइतबारे टांगत होतो. फार वर्षांनी कळलं की आजी अधूनमधून कालनिर्णय वर करून “काय रे बाबा, बरा आहेस ना?” असं त्याला विचारायची.

ड्रम शिकायला लागल्यावर माझ्याकडे दुहेरी पेडलचे (मोठा ड्रम दोन्ही पायांनी वाजवायच्या साधनाचे) पैसे नव्हते. क्लासमधली मुलं हसायची, मेटल वाजवायचंय आणि एकच पाय? तेव्हा मास्तरांनी सांगितलं की निको मॅकब्रेनही एकाच पेडलवर वाजवतो. २००३ मधल्या एका गाण्याचा अपवाद सोडला तर सगळं आयुष्य एका उजव्या पायावर. स्टीव्ह, तुमच्या बेसची ती घोडदौड, एक लांब नि दोन आखूड, एक लांब नि दोन आखूड, तिच्याखाली जमीन घालायचं काम हा एक पाय करत आला. दोन पायांनी ते सोपं होतं आणि सपाटही होतं. एका पायाने त्यात किंचित दम लागल्यासारखं काहीतरी राहतं, घोडा खरा वाटतो. हे माझं मत आहे, शास्त्र नव्हे. पण पंचवीस वर्षं एकाच पायाने घाम गाळून बनवलेलं मत आहे.

(निकोला मी ‘तो’ म्हणतोय म्हणून रागावू नका. आम्ही सचिनलाही ‘तो’च म्हणतो. ‘अहो’ परक्यांना.)

आता तक्रारी. आधी एक कबुली देतो. माणूस बदलला याला माझा आक्षेप नाही. जानेवारी २०२३ मध्ये निकोला पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. उजवी! ज्या पायावर सगळा डोलारा, तीच बाजू. तरी त्या मे महिन्यात तो लुब्लियानाच्या मंचावर होता आणि पुढे दीड वर्ष खंडामागून खंड वाजवत राहिला. काही जलद जागा आता पूर्वीसारख्या निघत नाहीत, हेही त्याने मोकळेपणी सांगितलं. अशा माणसाला “अजून वाजव” म्हणणं हा चाहतेपणा नाही, छळ आहे. आणि बदल तुम्हाला नवे नाहीत. १९८० मध्ये गिटारवाला बदलला, १९८१ मध्ये गायक, १९८२ च्या अखेरीस ड्रमर, तीन वर्षांत तीन माणसं. तेव्हा तुमचा बँड म्हणजे एसटी स्टँडच होता. निको स्वतः क्लाइव्ह बरच्या जागी आला. तेव्हाही कुणीतरी माझ्यासारखं कुरकुरलंच असेल. १९९९ पासून मात्र तीच सहा माणसं, पंचवीस वर्षं. तुम्हीच आम्हाला सवय लावलीत.

माझी पहिली आणि मोठी तक्रार आहे ती वेळेबद्दल. साओ पाउलोत तुमचे दोन प्रयोग होते, ६ आणि ७ डिसेंबरला. ६ तारखेला त्या मैदानावर नाचणाऱ्या हजारोंना कल्पना नव्हती की ते निकोला शेवटचं ऐकताहेत. त्याआधी सप्टेंबरात पर्थपासून सुरू करून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दोन्ही अमेरिका तुम्ही पालथ्या घातल्या. त्या सगळ्या रात्री शेवटच्या होत्या आणि कुणालाच ते माहीत नव्हतं. कदाचित निकोलाच गाजावाजा नको असेल. तसं असेल तर तेही सांगा, आम्ही गप्प बसू. याच महिन्यात आमच्या अश्विनने ब्रिस्बेनला, मालिका अर्ध्यावर असताना, निवृत्ती जाहीर केली आणि दुसऱ्या दिवशी तो घरी होता. त्याचा निर्णय, त्याचा हक्क. पण इथल्या माणसांना त्या दिवशी चुकल्या-चुकल्यासारखं झालं, कारण आम्ही २०१३ चं वानखेडेही पाहिलेलं आहे. दोनशेवी कसोटी, घरचं मैदान, आई प्रेक्षकांत. आधी माहीत असलं की माणूस नीट रडून घेतो.

दुसरी तक्रार त्या एका दिवसाची. निरोपाचा हार वाळायच्या आत खुर्चीवर नवा माणूस. पुढच्या दौऱ्याचा पहिला प्रयोग बुडापेस्टला २७ मेला आहे, मध्ये साडेपाच महिने होते. आठवडाभर नाव नसतं सांगितलं तर काय बिघडणार होतं? तिकिटं विकायची म्हणून घाई झाली असेल, तर तीही आम्ही समजू शकतो, आम्हीही विमा विकतो.

माझे मामा कणकवलीजवळच्या एका भजनी बुवांकडे पखवाजाला होते. डबलबारीत समोरच्या बुवाने लय चढवली की मामांकडे बघत बसावं. अडुसष्टाव्या वर्षी त्यांचा डावा हात आखडायला लागला. बुवांनी कुणाला काही जाहीर केलं नाही. एक पोरगा आणून मामांच्या शेजारी बसवला. त्या हंगामात सुरुवातीचा गजर मामा वाजवायचे, पुढचं पोरगा. लोकांना आपोआप कळत गेलं. पुढल्या हंगामात मामांच्या हातात टाळ आले आणि पोराची लय चुकली की ते टाळानेच त्याला रस्त्यावर आणायचे. शेवटच्या बारीला बुवांनी माईकवर मामांचं नाव घेतलं, नारळ दिला, शाल घातली. सगळा गाव तिथे होता, कारण सगळ्या गावाला तारीख माहीत होती. तुमचा कारभार जगभर पसरलेला, त्याची गावच्या मंडळाशी तुलना नको, मान्य आहे. पण स्टीव्ह, डॉसन तुमच्या दुसऱ्या बँडमध्ये, ब्रिटिश लायनमध्ये, किती वर्षं वाजवताहेत! पोरगा शेजारीच होता की.

तिसरी गोष्ट तक्रारीपेक्षा कोडं आहे. निकोने म्हटलंय की तो मेडनच्या कुटुंबातच राहणार आणि वेगवेगळी कामं करत राहणार. म्हणजे नक्की काय? दौऱ्यातून निवृत्त झाला, बँडमधून नाही? मग पुढचा अल्बम झाला तर ड्रमवर कोण? तुमच्या सतरा अल्बमांपैकी चौदांवर तो आहे, एवढा प्रश्न विचारायचा अधिकार आम्हाला असावा. “कुटुंबात आहेत” हे वाक्य आमच्याकडे निवृत्तीनंतर मुख्य कार्यालयात नावापुरती खुर्ची दिलेल्या साहेबांबद्दल वापरतात.

चौथी पन्नाशीची. येणारा दौरा तुमच्या पन्नास वर्षांचा सोहळा आहे आणि त्यात पहिल्या नऊ अल्बमांतलीच गाणी असणार असं तुम्ही सांगितलंय. नऊपैकी तीन क्लाइव्हचे. सहा निकोचे. क्लाइव्ह २०१३ मध्ये गेला. त्याच्या आजारपणात तुम्ही त्याच्यासाठी प्रयोग केलेत, पैसे उभे केलेत, आम्ही विसरलेलो नाही. तुमचा आधीचा गायक पॉल डिआनो यंदा ऑक्टोबरात गेला. म्हणजे ज्या काळाचा सोहळा मांडलाय, त्या काळातली माणसं एकेक कमी होत चालली आहेत. जो आहे, चालता-बोलता आहे, तो मांडवात नसेल तर मांडव कुणाचा?

आणि पाचवी, जी मी कितीही मोठेपणा दाखवला तरी मनातून जात नाही, ती आमची. १७ मार्च २००७ ला तुम्ही बंगळुरूला पॅलेस ग्राउंड्सवर आलात तेव्हा मी उद्यान एक्स्प्रेसने चोवीस तासांचा प्रवास करून आलो होतो. डब्यात काळे टी-शर्ट बघून टीसीने विचारलं, “कुणाची मयत आहे?” मग १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार. तो अख्खा जागतिक दौरा तुम्ही आमच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून सुरू केलात. लंडनमधून नाही, लॉस एंजेलिसमधून नाही, बीकेसीतून! तुमचा गायक ब्रूस स्वतः विमान चालवत घेऊन आला. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकली, वांद्र्याला उतरलो, रिक्षावाले ऐकेनात म्हणून चालत गेलो. धूळ इतकी की रात्री नाक शिंकरलं तर काळं. प्रयोगाच्या सुरुवातीला लावतात ते चर्चिलचं भाषण सुरू झालं आणि ज्याने इतिहासात पस्तीस मार्क घेतले होते तो माझा मित्र ते पाठ म्हणत होता.

त्या रात्री मला निको दिसला नाही. त्याचा ड्रमसेट म्हणजे गड, आत राजा कुठे बसलाय ते खालून कळत नाही. झांजा हलताना दिसायच्या, मध्येच एक काठी वर यायची. शेवटी सगळे पुढे आले तेव्हा तो चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला, चपट्या नाकाचा, पोरासारखा हसणारा. अर्धा मिनिट असेल.

२००९ च्या फेब्रुवारीत पुन्हा बंगळुरू. त्यानंतर पंधरा वर्षं झाली, तुम्ही आला नाहीत. एडी आला नाही. आम्ही वाट पाहत टक्कल पडून घेतलं. आता इथे मोठे प्रयोग होत नाहीत असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. साओ पाउलोच्या एकच आठवडा आधी, ३० नोव्हेंबरला, बीकेसीतल्या त्याच एमएमआरडीए मैदानांवर दुआ लिपा गाऊन गेली. येत्या जानेवारीत नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन प्रयोग आहेत आणि त्याच्या तिकिटांसाठी सप्टेंबरात काय मारामारी झाली ते सगळ्या देशाने पाहिलं. माझ्या बायकोला मिळालं. मला त्यांची दोनच गाणी येतात, तरी जाणार आहे, मैदान बघून ठेवायला.

माझ्यासारख्याच चाहत्यांनाही इथे दोन शब्द. डॉसन यांना शिव्या घालणं बंद करा. त्यांनी कुणाची जागा हिसकावलेली नाही. नव्वदच्या दशकात द आउटफील्ड या बँडबरोबर वाजवलेला मुरलेला माणूस आहे तो, शाळकरी पोर नव्हे. अजून एक ठोका ऐकला नाही आणि निकाल देऊन मोकळे. आम्हा मेटलवाल्यांना बदल म्हटलं की नव्वदच्या दशकात ब्रूसच्या जागी गायलेल्या ब्लेझ बेलीची आठवण येते. त्या काळात त्याच्यावर जी आग पाखडली गेली तिची लाज आज निम्म्या लोकांना वाटते. मला वाटते.

स्टीव्ह, रॉड, मागण्या फार नाहीत.

निकोचं स्थान काय, हे एका साध्या वाक्यात सांगा. ध्वनिमुद्रणात तो आहे की नाही. हो किंवा नाही. दोन्ही उत्तरं चालतील.

साओ पाउलोची शेवटची रात्र ध्वनिमुद्रित केली असेल तर ती पूर्ण द्या. तुकडे नकोत, चकचकीत करून नको, चुकांसकट द्या. त्या रात्री त्याचा पाय मागे पडला असेल तर तोही आम्हाला ऐकायचाय.

पन्नाशीच्या दौऱ्यात, त्याची तब्येत आणि इच्छा असेल तर, एक गाणं त्याला द्या. हे अशक्य आहे असं म्हणू नका. तुमचे शेजारी ज्युडास प्रीस्ट हे करताहेत. ग्लेन टिप्टनला पार्किन्सन्स आहे हे २०१८ मध्ये जाहीर झालं, त्याची गिटार अँडी स्नीप वाजवतो, आणि जमेल त्या रात्री ग्लेन शेवटच्या दोन-तीन गाण्यांना मंचावर येतो. त्याच प्रीस्टने जानेवारी २०२२ मध्ये स्नीपला वगळून चौघांतच दौरा करायचं ठरवलं होतं. चाहते बोलले, काही दिवसांत निर्णय फिरवला. कुणाची प्रतिष्ठा गेली नाही. उलटं उदाहरणही तुमच्याच देशातलं आहे. २०१७ मध्ये बर्मिंगहॅमला ब्लॅक सॅबथचा निरोपाचा प्रयोग त्यांच्या मूळ ड्रमरशिवाय, बिल वॉर्डशिवाय, झाला आणि ते अजून लोकांच्या घशात अडकलेलं आहे. गाणं जमणार नसेल तर निकोला नुसतं पुढे येऊन उभं राहू द्या. अर्धा मिनिट पुरे, मागच्या वेळी तेवढंच मिळालं होतं.

आणि २०२६ च्या तारखा ठरवाल तेव्हा भारत घाला. मुंबई असेल तर उत्तम, बंगळुरू असेल तर उद्यान एक्स्प्रेस अजून चालू आहे. सोबत निकोला आणा. ड्रमसेटच्या मागे बसायची गरज नाही. मंचाच्या कडेला खुर्ची टाका, चहा आम्ही पाजू.

लोभ आहेच, तो वाढावा असं तुम्ही काहीतरी करा.

आपला,
काळ्या टी-शर्टातला एक विमा कारकून

ता. क. हे सायमन डॉसन यांच्यासाठी. तुमचं स्वागत आहे. निकोची नक्कल करू नका, ती आम्ही घाटकोपरला दर पंधरा दिवसांनी वाईट पद्धतीने करतोच. पेडल किती लावायची हाही तुमचा प्रश्न. फक्त बुडापेस्टच्या पहिल्या रात्री, एकच रात्र, एका पायावर वाजवता आलं तर बघा.